बावटा तिकडं, पाणी इकडं

चिखलीहून दूध घालायला येणारे आमचे गवळीमामा पावसाळ्यात किटली खाली ठेवायच्या आधीच विचारतात, "बाई, तिकडं कितीचा बावटा लागलाय?"

तिकडं म्हणजे हाँगकाँगला. माझा मुलगा तिथं नोकरीला आहे. टायफून येऊ लागला की तिथली वेधशाळा नंबर लावते, आपल्याकडं रत्नागिरी-मालवणच्या बंदरात तीन नंबरचा बावटा लागतो तसा. एक, तीन, आठ, नऊ, दहा. आठ लागला की शाळा-कचेऱ्या बंद, लोक घरी. दहा म्हणजे ताशी ११८ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वारा. मामांना हे सगळं मीच सांगितलंय, आणि आता ते माझ्याही आधी चौकशी करतात. त्यांच्या गोठ्यात सहा म्हशी आहेत आणि चिखली हे पंचगंगेच्या अगदी काठावरचं गाव. त्यामुळं लांबच्या वादळाची चौकशी त्यांच्यासाठी रिकामटेकडी गोष्ट नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

मी शाळेत भूगोल शिकवत होते. २००५ च्या पुरात कोल्हापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेत पाणी आलं, आणि पुढच्या जूनपासून मी परसात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायला लागले. हवामान खात्याची देशभरातली पावसाची नोंद याच वेळेला होते, म्हणून माझीही. मापक साधाच. वर नरसाळं, आत बाटली, बाजूला काचेचं मोजपात्र. मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला असतो, तो सोडून मधला खालचा भाग जिथं असेल तो आकडा धरायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा उच्चारलं असेल, पण ते खरं कळलं ते स्वतःच्या हातानं बाटली ओतायला लागल्यावर. आमची गच्ची शंभर चौरस मीटरची आहे. वहीत 'साठ' लिहिलं की त्या एका दिवसात गच्चीवर सहा हजार लिटर पाणी पडून गेलेलं असतं. टँकरभर.

मुलगा बरेच दिवस म्हणत होता, "आई, एकदा येऊन इथला पाऊस बघ." २०२३ च्या ऑगस्टअखेर गेले. ते वर्ष आठवतंय का बघा. जुलैच्या शेवटी पंचगंगेनं इशारा पातळी गाठली, आता पूर येणार म्हणून पेठेतल्या लोकांनी सामान वर चढवलं, आणि ऑगस्ट लागल्यावर पाऊस गेला तो गेलाच. देशात १९०१ पासून नोंदी आहेत, त्यातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. माझ्या वहीत ओळीनं शून्य, शून्य, ०.४, शून्य. आश्लेषा कोरडी, मघा कोरडी. करवीरातल्या भाताची पिवळी पडत चाललेली पानं एसटीच्या खिडकीतून दिसत होती. असा पावसाळा मागं टाकून मी विमानात बसले.

पोचून चार दिवस झाले नाहीत तोवर 'साओला' आला. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी दहाचा नंबर लागला. मुलाचं घर सत्ताविसाव्या मजल्यावर. सुनेनं खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या, बाल्कनीतल्या कुंड्या आत घेतल्या, आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही आजची रात्र आतल्या खोलीत झोपा." मी झोपले नाही. इमारत हलते. म्हणजे डोळ्यांना दिसत नाही, पण तांब्यातलं पाणी डुचमळतं. वारा भोकातून शिटी वाजवल्यासारखा घुमत होता. सकाळी खाली उतरले तर रस्त्यावर वडासारखी झाडं मुळासकट आडवी, आणि माणसं करवती घेऊन कामाला लागलेली.

पाऊस मात्र मला वाटला तेवढा नव्हता. मी येताना सुटकेसमध्ये एक सरळ उभ्या भिंतीचा स्टीलचा डबा नेला होता. नरसाळं नसलं तरी चालतं. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं असेल तर डब्यात जेवढं उंच पाणी साचलं तेवढा पाऊस, पट्टी घालून मोजता येतो. इमारतीच्या खालच्या बागेत मोकळ्यावर तो ठेवायचा, रखवालदाराला खुणेनं सांगून ठेवलं होतं. साओलाच्या वाऱ्यात तो डबा उडून झुडपात गेला. मोजमाप काहीच मिळालं नाही, तरी मनात एक ठसलं की एवढा मोठा टायफून डोक्यावरून गेला आणि ओढे-गटारं तुंबली नाहीत.

खरा पाऊस आला तो सहा दिवसांनी, आणि वारा नसताना.

७ सप्टेंबर. 'हाइकुई' नावाचा दुसरा टायफून तैवानवर आदळून, चीनच्या फुजिएन प्रांतात चढून मोडून पडला होता. बातम्यांत त्याला आता कुणी वादळही म्हणत नव्हतं. नुसते अवशेष, एक रेंगाळणारा कमी दाबाचा पट्टा. नंबर एकही लागलेला नव्हता. रात्री जेवणं झाली, नातीला गोष्ट सांगून झाली, आणि अकराच्या सुमारास पाऊस सुरू झाला. मी आयुष्यभर पाऊस बघत आलेय. गगनबावड्याला शाळेची सहल अडकली होती तेव्हाचा पाऊस बघितलाय, आंबोलीचा बघितलाय. पण त्या रात्रीचा पाऊस थेंबांचा नव्हता. खिडकीबाहेर दिवे होते ते दिसेनासे झाले. समोरची इमारत दिसेनाशी झाली. काचेला कान लावला तर एकसारखा, चढ-उतार नसलेला आवाज, पिठाच्या गिरणीचा असतो तसा. आमच्या संततधारेत श्वास असतो, जोर येतो, कमी होतो, परत येतो. ह्याला श्वास नव्हता.

मुलाच्या फोनवर काळा इशारा आला. पावसासाठी त्यांचे नंबर नाहीत, रंग आहेत. तासाला तीस मिलिमीटर ओलांडले की पिवळा, पन्नासला लाल, सत्तरला काळा. त्या रात्री अकरा ते बारा या एका तासात वेधशाळेच्या मुख्यालयात १५८.१ मिलिमीटर पाऊस पडला. १८८४ पासूनच्या तिथल्या नोंदींत एका तासाला एवढा पाऊस कधी झाला नव्हता. काळा इशारा सोळा तासांहून जास्त वेळ राहिला. दुसऱ्या दिवशी शाळा बंद, शेअर बाजार बंद, भुयारी रेल्वेच्या एका स्थानकात जिन्यावरून पाणी उतरतानाची चित्रं टीव्हीवर.

सकाळी धो-धो थोडी थांबल्यावर सून नको म्हणत असताना मी खाली गेले. डबा मी पुन्हा ठेवला होता, या वेळी तीन विटांच्या बेचक्यात. डबा होता तिथंच होता, काठोकाठ भरून वाहत होता. बारा सेंटिमीटरचा डबा. भरला कधी आणि वाहिला किती याला काही हिशेब नाही. वहीत लिहिलं: 'डबा भरून वाहिला. मोजता आला नाही.' एवढ्या वर्षांत अशी नोंद दुसऱ्यांदाच करावी लागली. पहिली २०१९ ची.

तिचं सांगते. २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घर सोडलं. सुतारवाड्यातली माणसं नेहमीप्रमाणं आधीच चित्रदुर्ग मठात गेली होती, जामदार क्लबपाशी पाणी आलं, शिवाजी पुलाच्या मच्छिंद्रीच्या खुणेला लागलं, आणि मग आमच्या गल्लीत शिरलं. नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तिथली धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहरात पेट्रोल नाही, दूध नाही. ते दिवस कोल्हापुरात ज्यानं काढले त्याला मी काय नवीन सांगणार. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर तळमजल्यात छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ, आणि परसात माझा मापक. नरसाळ्यात तांबूस गाळ गच्च बसलेला, बाटली काढली तर तीही गाळानं भरलेली. तळाशी बोटाच्या पेराएवढा शिंपला. पाऊस मोजायच्या भांड्यात नदी येऊन बसली होती. मी ती बाटली बराच वेळ तशीच हातात धरून उभी राहिले. मग वहीत लिहिलं: 'मापक पाण्याखाली. नोंद नाही.' त्यानंतर मापक गच्चीवर नेला. नियमानं तो उघड्या जमिनीवर, कड तीस सेंटिमीटर उंच असा हवा. गच्चीवर वाऱ्यानं थोडा पाऊस चुकतो. पण बुडण्यापेक्षा ते बरं.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

२०१९ ला पाणी वाढत होतं तेव्हाच्या नोंदी मी मापक बुडेपर्यंत ठेवल्या होत्या. त्या बघितल्या तर आमच्या गल्लीत पडलेल्या पावसानं एवढा पूर यावा असं त्यात काहीच नाही. किंबहुना शेवटच्या दोन दिवसांत शहरात मधे मधे चांगली उघडीप होती, ऊनही पडलं होतं. लोक शिवाजी पुलावर पाणी बघायला गर्दी करत होते आणि म्हणत होते, पाऊस तर थांबला, आता उतरेल. उतरलं नाही. कारण पंचगंगा माझ्या गच्चीवर पडणाऱ्या पावसाची नाहीच. ती कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीची आहे, घाटमाथ्याची आहे. आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोल्हापुरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळला त्याच्याही निम्मा. शंभर किलोमीटरच्या पट्टीत एवढा फरक. शिरोळचा शेतकरी आभाळाकडं बघून पावसाची वाट बघत असतो आणि त्याच वेळी कृष्णा-पंचगंगेचं पाणी त्याच्या उसात शिरत असतं. नरसोबाच्या वाडीत देवळात पाणी येऊन दक्षिणद्वार सोहळा होतो तेव्हाही कितीदा तरी वाडीत पावसाचा थेंब नसतो.

मग घाटमाथ्यावर एवढा जोर कशानं येतो? पश्चिमेचा वारा अरबी समुद्रावरून ओल घेऊन येतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो, कोसळतो. हे सहावीच्या पुस्तकातलं. पण तो वारा रोज सारखा नसतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशाकडून मध्य भारतात सरकायला लागलं की आपल्याकडचा वारा जणू कुणी ओढून घेतल्यासारखा जोरात वाहतो. २०१९ च्या ऑगस्टच्या त्या आठवड्यात असंच एक क्षेत्र तीव्र होऊन ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं होतं. इथून हजार किलोमीटरहून लांब. आमच्याकडं वादळ नव्हतं, वीज नव्हती, गडगडाट नव्हता. नुसता पश्चिमेचा वारा आणि डोंगरावर न थांबणारी झड.

हाँगकाँगहून आल्यावर मला हे जास्त स्पष्ट दिसायला लागलं. तिथंही दोन पाऊस आहेत. तिथल्या सरासरीत जून आणि ऑगस्ट असे दोन उंचवटे दिसतात. जूनचा मुख्यतः मोसमी पट्ट्याचा, ऑगस्टच्यात टायफूनचा मोठा वाटा. वर्षाची बेरीज साधारण चोवीसशे मिलिमीटर, म्हणजे कोल्हापूर शहराच्या दुपटीहून जास्त आणि गगनबावड्याच्या निम्मी. पण बेरजेला काही अर्थ नाही. त्यांचा डोंगर घरामागंच आहे आणि समुद्र घरापुढं. पडलेलं पाणी तासाभरात उताराची माती हलवतं किंवा गटारात मावत नाही. म्हणून त्यांचे इशारे तासाचे. १९७२ च्या जूनमध्ये तिथं एकाच दिवशी दोन दरडी कोसळून १३८ माणसं गेली, त्यानंतर त्यांनी प्रत्येक उताराची पाहणी करायला स्वतंत्र खातं उभं केलं. मुलानं मला हॅपी व्हॅलीचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान दाखवलं. त्याच्या खाली साठ हजार घनमीटर पावसाचं पाणी धरून ठेवणारी टाकी आहे. वर पोरं फुटबॉल खेळत होती. मी त्या गवतावर उभी राहिले आणि मला आमचे बुजवलेले ओढे आठवले. जयंतीच्या नाल्याच्या काठानं कुठं काय बांधलंय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. माळीण, तळीये, इर्शाळवाडीही आठवल्या. उतार आपल्याकडंही आहेत, आणि खाली माणसं झोपलेली असतात.

आपली नदी मात्र दिवसांच्या हिशेबानं चालते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या पुढं अत्यंत मुसळधार, अशी खात्याची वर्गवारी. घाटावर पडलेलं पाणी शहरात यायला वेळ लागतो. तो वेळ हीच आमच्या हातातली मोठी गोष्ट आहे. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून १४२८ क्यूसेक, ही बातमी आली की पेठेत हालचाल सुरू होते. माझं म्हणणं एवढंच की हालचाल त्याच्याही आधी, उपसागरात काय चाललंय ते बघून सुरू करता येते. पेठेतल्या दहा-बारा घरांच्या ग्रुपवर मी रोज तीन ओळी टाकते. गच्चीवरचा पाऊस, गगनबावडा-राधानगरीचा पाऊस, आणि उपसागरात काही आहे का. पहिली ओळ सगळ्यात बिनमहत्त्वाची, पण लोक आधी तीच वाचतात.

मामांच्या प्रश्नाचं कारण आता सांगते. २०२५ च्या २० जुलैला मुलाचा फोन आला, "आई, दहा लागलाय." 'विफा' नावाचा टायफून. तो तिथून पुढं व्हिएतनामवर जाऊन मोडला. मी नकाशावर बघत राहिले. दोन दिवसांनी हवामान खात्यानं सांगितलं की त्याच विफाचे अवशेष पश्चिमेकडं सरकून उत्तर बंगालच्या उपसागरात आलेत आणि तिथं कमी दाबाचं क्षेत्र होतंय. माझ्या अंगावर काटा आला. ज्या वादळात माझी नात काचेपासून लांब आतल्या खोलीत झोपली होती, त्याची राख उडून आमच्या समुद्रात पडली होती आणि पुन्हा पेट घेत होती. मी मामांना तसं सांगितलं. त्यांनी फार विचारलं नाही. "मग म्हशी हलवायच्या का?" एवढंच.

दरवेळी असं होत नाही. बहुतेक टायफून चीनमध्येच संपतात किंवा जपानकडं वळतात, आणि आपल्याकडच्या प्रत्येक झडीचं मूळ तिकडं शोधणं चुकीचं आहे. मी मामांना हेही सांगितलं. ते म्हणाले, "दरवेळी नसंना का बाई. आमचं एकदाच बुडतंय न्हवं." २०१९ ला त्यांनी दोन रेड्या गमावल्या. रात्री पाणी गोठ्यात आलं तेव्हा दावी कापायला वेळ मिळाला नाही. आता ते ४३ फुटांची वाट बघत नाहीत. गोठ्याच्या दारात एक लाकडी मेढ आहे, तिच्यावर त्यांनी विळ्यानं तीन खाचा केल्यात. खालच्या खाचेला पाणी लागायच्या आत जनावरं सोनतळीच्या माळावर. मी जाऊन ती मेढ बघून आले. सगळ्यात वरची खाच माझ्या डोक्याच्याही वर आहे. २०१९ ची.

आज मृग निघाला. वळीव यंदा दोनच झाले. नरसाळ्यात औदुंबराची दोन वाळकी पानं आणि मुंग्यांनी आणलेली माती होती, ती काढली, जाळी धुतली, मोजपात्र चिंचेच्या पाण्यानं घासलं. नवीन वहीवर रकाने आखले: तारीख, गच्ची, गगनबावडा, राधानगरी, राजाराम बंधारा. शेवटी एक अरुंद रकाना सोडलाय, त्याच्या डोक्यावर नुसतं 'बावटा' लिहिलंय. सकाळी साडेआठची नोंद ३.२. मामांनी किटली ठेवली, विचारलं. मी म्हटलं, अजून काही नाही. "बरं," म्हणाले, आणि म्हशींचं वैरण बघायला गेले.